नसलेलं सील कुणाला दिसतं?

सील तुटलेलं असेल तर ते कुणाच्याही लक्षात येतं. लोंबणारी रिंग, चिरलेली प्लॅस्टिकची स्लीव्ह, अर्धवट उचकटलेला स्टिकर दिसला की हात आपोआप मागच्या बाटलीकडे जातो. पण कुणी सील पूर्ण काढून, तुकडे खिशात घालून, झाकण नीट फिरवून बाटली जागेवर ठेवून दिली तर? समोर एक स्वच्छ, बंद झाकणाची, सरळसाधी बाटली दिसते. हिच्यावर सील असायला हवं होतं हे घेणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर त्याच्या लेखी त्या बाटलीत काहीच खोट नाही.

मी पॅकेजिंग डेव्हलपमेंटमध्ये काम करते. बाटली, झाकण, झाकणाखालची रिंग, गळ्यावरची स्लीव्ह, तोंडावरचं फॉइल, खोक्यावरचं लेबल हा माझा रोजचा संसार. ओळखीचे लोक भेटले की नखं तुटल्याच्या आणि दात दुखल्याच्या तक्रारी माझ्याकडे जमा करतात, जणू जगातली सगळी न फाटणारी पाकिटं मीच चिकटवते. त्या तक्रारींकडे खाली येतेच. पण हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय, ते आधी सांगून टाकते. सील मजबूत करण्यासाठी आपण जेवढं डोकं चालवतो, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही ते जागेवर नसल्याचं कळावं यासाठी चालवत नाही.

मुळात सील म्हणजे कुलूप नव्हे. कुलपाचं काम अडवण्याचं, सीलचं काम घडलेलं सांगण्याचं. बोटांच्या जोराने तुटणारा प्लॅस्टिकचा बारीक पूल कुणाला काय अडवणार? तो तुटावा म्हणूनच ठेवलेला असतो. तुटल्यावर पुन्हा जुळू नये, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. ग्राहकांचं सोडा, कंपन्यांच्या मीटिंगमध्येही हे पुन्हा पुन्हा समजवावं लागतं. "मॅडम, ती स्लीव्ह जरा जाड करा ना, म्हणजे कुणाला काढताच येणार नाही." काढता आलीच पाहिजे, साहेब. काढलेली लपवता येता कामा नये.

आमच्या क्षेत्रातले लोक सगळ्याची सुरुवात सप्टेंबर १९८२ पासून मोजतात. शिकागो आणि आसपास टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं दगावली. तपासाचा निष्कर्ष असा निघाला की कारखान्यात काही घडलेलं नव्हतं. बाटल्या दुकानात पोहोचल्यानंतर त्यांतल्या कॅप्सूल बदलल्या गेल्या होत्या. खुनांबद्दल आजतागायत कुणालाही शिक्षा झालेली नाही. टायलेनॉल बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्या काळी बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं की ती पहिल्यासारखीच दिसायची. म्हणजे विषारी बाटली आणि चांगली बाटली यांत डोळ्यांना फरक करण्याजोगं काही नव्हतंच.

पुढच्या काही आठवड्यांत चक्रं फिरली. नोव्हेंबर १९८२ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांसाठी छेडछाड रोखणाऱ्या पॅकिंगचा नियम आणला. १९८३ मध्ये अशी छेडछाड करणं हा तिथे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा ठरला. टायलेनॉल परत आलं ते तिहेरी बंदोबस्तात: गोंदाने चिकटवलेलं खोकं, गळ्याला आकसून बसलेला प्लॅस्टिकचा पट्टा आणि तोंडावर फॉइल. आजही पॅकेजिंग शिकवताना हे तिहेरी पॅक दाखवतात आणि गोष्ट तिथे संपवतात.

ती तिथे संपत नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कजवळ याँकर्सला एक तरुणी सायनाइडने मेली, आणि तिने घेतलेली कॅप्सूल त्याच तिहेरी बंदोबस्तातल्या बाटलीतली होती. त्यानंतर कंपनीने दुकानात थेट मिळणाऱ्या औषधांसाठी कॅप्सूल हा प्रकारच बंद केला आणि घट्ट दाबलेल्या लांबट गोळीकडे वळली, कारण दोन टोप्यांची कॅप्सूल उघडून पुन्हा जोडता येते, गोळी नाही. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टन राज्यात एक्सेड्रिन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमुळे दोन जण गेले. एका बाईने नवऱ्याला मारलं होतं, आणि ते कुणा अनोळखी माथेफिरूचं कृत्य वाटावं म्हणून आणखी विषारी बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर ठेवल्या होत्या. १९८८ मध्ये तिला शिक्षा झाली. १९८९ मध्ये एफडीएने नियम सुधारला. न चिकटवलेल्या दोन टोप्यांच्या कॅप्सूलसाठी छेडछाडीविरुद्धच्या किमान दोन उपायांची सक्ती झाली. १९९८ मध्ये छेडछाड रोखण्याची भाषा मागे पडली आणि ती उघडी पडावी ही अपेक्षा पुढे आली.

सोळा वर्षांत एवढा प्रवास. त्यानंतरच्या बऱ्याच सुधारणा मला यंत्रांच्या आणि फिल्मच्या वाटतात, मूळ कल्पनेच्या नाही.

आता यंत्रांकडेच वळते, कारण माझा जीव खरा तिथे रमतो.

आकसणारी स्लीव्ह म्हणजे श्रिंक स्लीव्ह. ही फिल्म बनवतानाच तिला गरम करून आडवी ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच गार करतात. आतल्या रेणूंच्या साखळ्या ताणलेल्या राहून थिजतात. नंतर हीट टनेलमधून, म्हणजे तापलेल्या बोगद्यातून, बाटली गेली, गरम हवा किंवा वाफ लागली, की साखळ्या सैल होऊन मूळ आकाराकडे परत जातात आणि फिल्म बाटलीला घट्ट बिलगते. ही स्मरणशक्ती कधी कधी नको तेव्हा जागी होते. पीव्हीसीची फिल्म कमी तापमानाला आकसायला लागते, म्हणून भर उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात रोल ठेवले तर ते उत्पादनाच्या लाइनवर येण्याआधीच किंचित आकसलेले निघतात, आणि मग ऑपरेटर बिचारा दिवसभर टनेलचं तापमान वरखाली करत बसतो. पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकची फिल्म पीव्हीसीपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे मध्येच बारीक आणि वर रुंद अशा नखरेल बाटल्यांना ती सोयीची.

पण स्लीव्ह नुसती घट्ट बसून भागत नाही, ती फाटायलाही हवी. त्यासाठी टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची ओळ पाडतात. किती कापायचं आणि किती सोडायचं, या प्रमाणात सगळं येतं. कापलेला भाग जास्त झाला तर टनेलमध्येच स्लीव्ह ओळीवर चिरते. सोडलेला भाग जास्त झाला तर ग्राहक आधी नख लावतो, मग दात, मग सुरी. उभ्या दोन ओळी दिल्या तर मधली पट्टी खेचून काढता येते. एक आडवी ओळही दिली तर झाकणावरचा तुकडा सुटतो आणि बाटलीवरचं लेबल जागेवर राहतं. ही आडवी ओळ झाकण आणि बाटली यांच्या नेमक्या सांध्यावर यायला हवी. दोन-तीन मिलिमीटर वर गेली तर झाकण फिरतं, स्लीव्ह मात्र शाबूत. आणि असा माल मी लाइनवर धावताना पाहिलाय, क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, शिक्का मारलेला.

झाकणाखालच्या रिंगचं गणित निराळं. आमच्याकडे तिला सरसकट पिलफर-प्रूफ, म्हणजे चोरीला दाद न देणारी, म्हणतात. रिंगला आतून दात किंवा आत दुमडलेली पट्टी असते. झाकण बसवताना ती बाटलीच्या मानेवरच्या उंचवट्यावरून सरकून खाली जाते आणि तिथेच अडकते. उघडताना झाकण वर चढतं, रिंग मागे राहते आणि दोघांना जोडणारे बारीक ब्रिज तुटतात. तो कड्-कड् आवाज त्यांचाच.

या रिंगबद्दल एक गोष्ट सामान्य ग्राहकाला कळायचं कारण नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. झाकण फिरवताना दोन घटना घडतात: ब्रिज तुटतात आणि बाटलीचं तोंड खरोखर उघडतं, म्हणजे आतला वायू किंवा द्रव बाहेर पडू शकतो. यांतली कुठली आधी घडते? ब्रिज आधी तुटायला हवेत. उलट झालं तर झाकण थोडंसं सैल करून, तोंड उघडं करून, ब्रिज शाबूत असतानाच परत बंद करता येतं. म्हणून आम्ही झाकण हळूहळू फिरवून दोन्ही कोन मोजतो: पहिला ब्रिज कुठल्या अंशाला तुटला आणि गळती कुठल्या अंशाला सुरू झाली. कागदावर हे दोन आकडे असतात आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे आमची झोप. गरमीत प्लॅस्टिक मऊ पडून ब्रिज तुटण्याऐवजी ताणले जातात, अंतर कमी होतं. थंडीत झाकणाचं प्लॅस्टिक, पॉलिप्रॉपिलीन, कडक होतं आणि झाकण बसवतानाच एखाद-दुसरा ब्रिज तडकतो. मग ग्राहकाच्या हातात कारखान्यातच तुटलेलं सील पोहोचतं. हे दुसरं प्रकरण निरुपद्रवी वाटतं, पण मी त्याला जास्त घाबरते. दोन-चार वेळा असा विनाकारण तुटलेला ब्रिज पाहिला, तरीही वस्तू ठीक निघाली, की माणूस शिकतो: "असंच असतं हे." पाचव्या वेळी खरंच कुणी हात लावलेला असला तरी तो बघणार नाही.

तोंडावरच्या फॉइलला कारखान्यात वॅड म्हणतात, शिकलेले लोक इंडक्शन सील. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची चकती, त्याखाली मेणाचा थर, मग ॲल्युमिनियमचं फॉइल आणि सगळ्यात खाली वितळणाऱ्या पॉलिमरचा थर. झाकण लावलेली बाटली कॉइलखालून जाते. कॉइलमधल्या उच्च वारंवारितेच्या प्रवाहामुळे फॉइलमध्ये विजेचे भोवरे निर्माण होतात आणि फक्त फॉइल तापतं. प्लॅस्टिकच्या झाकणाला त्याची गंधवार्ता नसते. मेण वितळून पुठ्ठ्यात शोषलं जातं, फॉइल पुठ्ठ्यापासून सुटतं, खालचा पॉलिमर वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो. मला हे यंत्र अजून आवडतं. बंद झाकणाच्या आत, कशालाही न शिवता, चिकटवण्याचं काम होतं! अर्थात खालचा थर बाटलीच्या प्लॅस्टिकशी जुळणारा असावा लागतो आणि झाकण पुरेसं आवळलेलं असावं लागतं, नाहीतर फॉइल एका बाजूने चिकटतं आणि एका बाजूने नाही. चांगल्या लाइनवर पुढे उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. बंद झाकणातून तापलेल्या फॉइलचा गोल तो बघतो आणि जिथे गोल अपुरा किंवा गायब, ती बाटली बाहेर ढकलतो.

म्हणजे बघा, नसलेलं सील ओळखायला यंत्राला वेगळा डोळा दिलाय. माणसाला काय दिलंय?

त्याआधी पारदर्शक गोल स्टिकरबद्दल मनातली मळमळ काढून टाकते. खोक्याच्या झाकणावर एक नितळ, कोरा, कसलीही छपाई नसलेला गोल चिकटवायचा आणि त्याला सुरक्षा म्हणायचं. असा गोल कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पाकिटाने मिळतो. तो काढून तसाच दुसरा लावला तर मूळ कंपनीच्या माणसालासुद्धा फरक सांगता येणार नाही. कोऱ्या पारदर्शक श्रिंक पट्ट्याचीही तीच गत. एफडीएच्या नियमाने हे केव्हाच ओळखलंय: सीलला स्वतःची ओळख हवी, नक्षी, बोधचिन्ह, नाव, जे दुसऱ्याला सहज मिळणार नाही असं काहीतरी. फक्त चिकटून बसलेलं, म्हणजे उष्णतेने न जोडलेलं, तोंडावरचं सील काढून परत लावता येतं म्हणून ते या कामासाठी पुरेसं धरलं जात नाही. पण हा नियम एका देशातल्या औषधांचा. सौंदर्यप्रसाधनं, स्वच्छतेची द्रावणं, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची खोकी यांच्यावर तो कोरा गोल सुखाने नांदतोय.

चांगलं लेबल कसं असतं? ओढलं की त्याचा रंगीत थर दोन भागांत फाटतो. अर्धा लेबलवर, अर्धा खोक्यावर, आणि खोक्यावर 'उघडले' अशा अर्थाची अक्षरं उमटतात जी पुन्हा पुसत नाहीत. तेही सगळीकडे चालत नाही. पुनर्वापराच्या भुसभुशीत पुठ्ठ्यावर त्याची पकड बसत नाही, आणि पॉलिप्रॉपिलीनसारख्या गुळगुळीत, कशालाही चिकटून न घेणाऱ्या पृष्ठभागावर वेगळा गोंद लागतो. कुरिअरच्या सुरक्षा-पिशव्या मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांच्या चिकटपट्टीवर ओढल्याची खूण उठते, काहींवर तापवल्याचीही उठते, आणि दोन्ही बाजूंच्या जोडांवर बारीक छपाई असते, म्हणजे कुणी कडेने कापून पुन्हा वितळवून जोडलं तर अक्षरं जुळत नाहीत. ती छपाई मात्र बघणारा शंभरात एखादा.

नवीन पॅक मंजूर होण्याआधी आम्ही एक खेळ खेळतो. विभागातल्या दोघा-तिघांनी चोर व्हायचं, बाकीच्यांनी ग्राहक. चोरांना वेळ आणि साधनं मिळतात. काय साधनं आणि काय युक्त्या ते इथे लिहिणार नाही, उगाच शिकवणी नको. त्यांनी पॅक उघडायचं, बंद करायचं आणि चांगल्या पॅकमध्ये मिसळून ठेवायचं. ग्राहकांनी ओळखायचं. पहिल्यांदा या खेळाला बसले तेव्हा मला वाटलं होतं की सगळी गंमत चोरांच्या कसबात असेल. तसं नाही. "यांत काही गडबड आहे का बघा" असं सांगितलं तर माणसं बारीकसारीक सुरकुतीसुद्धा पकडतात. काहीच न सांगता "यांतलं एक उचला" म्हटलं, तर उघडं पडलेलं फॉइल वगळता बाकी बहुतेक सगळं निसटतं. आणि ज्या बाटल्यांचं सील पूर्ण काढून टाकलेलं असतं, त्या तर लोक आनंदाने उचलतात. का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं: "ही उघडायला सोपी वाटली."

हसू नका. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. या पॅकला सील असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेतल्या एका गटाने मालवाहतुकीपासून अणुसाहित्यापर्यंत वापरली जाणारी दोनशेहून अधिक सीलं तपासली होती आणि साध्या साधनांनी सगळी चकवता येतात असं दाखवलं होतं. त्यांचा भर मात्र सील आणखी महाग करण्यावर नव्हता. सील तपासणाऱ्याला नेमकं काय बघायचं हे माहीत असेल तर साधंसुधं सीलही बरंच काम करतं, या बाजूने ते बोलत. तिथे तपासणारा हा पगारी माणूस असतो, त्याला प्रशिक्षण देता येतं. किरकोळ विक्रीत तपासणारा म्हणजे घाईत असलेला, कडेवर मूल घेतलेला, फोनवर बोलणारा कुणीही. त्याला प्रशिक्षण द्यायला जागा एकच, ती म्हणजे पॅक.

म्हणूनच मला एफडीएच्या नियमातलं एक छोटं कलम बाकी सगळ्यापेक्षा हुशार वाटतं. या पॅकवर कुठली सुरक्षा-खूण आहे हे पॅकवर ठळकपणे लिहिलं पाहिजे, आणि ते अशा जागी लिहिलं पाहिजे की सील तुटलं किंवा नाहीसं झालं तरी वाक्य जागेवर राहील. 'गळ्याभोवतीचा छापील पट्टा तुटलेला किंवा गायब असल्यास वापरू नये.' एवढंच. हे वाक्य त्या पट्ट्यावरच छापलं तर पट्ट्याबरोबर जाईल, म्हणून बाटलीवर. हे वाचलं की पट्टा नसलेली बाटली एकदम बोलायला लागते. आता नसणं दिसतं.

आणि हे पाळणं किती दुर्मीळ आहे ते जरा घरातल्या फळ्यांवर बघा. सूचना असते, पण ती स्लीव्हवरच छापलेली असते. किंवा नुसतं 'सुरक्षेसाठी सीलबंद' असतं, पण ते सील म्हणजे काय, फॉइल की रिंग की स्टिकर, याचा पत्ता नाही. कुठल्या वस्तूला सील अपेक्षित आहे हेही एकसारखं नाही. त्याच अमेरिकन नियमातून टूथपेस्ट, त्वचेला लावायची औषधं, घशाच्या चघळायच्या गोळ्या वगळलेल्या आहेत. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यांवर छेडछाड दाखवणारी खूण आणि प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक सक्तीचा झाला, पण त्याच फार्मसीतल्या शाम्पूला ते लागू नाही. ग्राहकाने हे सगळं पाठ करावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

दुसरीकडे सीलांचा अतिरेक. खेळण्याला, पेनांच्या संचाला, मोबाइलच्या कव्हरला सील. काहींचा हेतू चोरी टाळण्याचा, काहींचा नुसता नवेपणाचा देखावा. सगळीकडे फाडायचीच सवय लागल्यावर हात फाडतो आणि डोळा बघत नाही. माझ्या मते निम्मी सीलं काढून टाकली तर उरलेल्यांचा उपयोग दुप्पट होईल. हे मी मीटिंगमध्ये म्हणाले होते. विक्री विभागाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे वर्णन करत नाही.

तर ती नखांची तक्रार. ती खरी आहे. माझ्या आईच्या बोटांचे सांधे आखडलेले आहेत आणि ती कुठलंही नवं पॅक आधी माझ्यासमोर आदळते. "हे तुझ्यासारख्यांनीच केलंय ना? मग उघड आता." कडक प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांत वस्तू कोंबून कडा वितळवून जोडलेलं पॅक तर शत्रूनेच शोधून काढलं असावं. ते कापताना कात्री घसरते आणि कापलेल्या प्लॅस्टिकची कडच हात कापते. उघडायची सोय कशी मोजावी यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचं १७४८० क्रमांकाचं मानक २०१५ पासून आहे, तरी पॅकेजिंगच्या बैठकीत त्याचं नाव मी काढल्याशिवाय निघत नाही. लोक सुरक्षा आणि सोय यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालतात, ते मला पटत नाही. जिथे मजबुती हीच सुरक्षा मानली जाते तिथेच हा झगडा होतो. नीट पकडता येईल अशी जीभ असलेली, सहज निघणारी, पण पुन्हा न बसणारी पट्टी आईला उघडता येते आणि आपलं कामही चोख करते.

कचऱ्याचं थोडक्यात. बाटली पीईटी प्लॅस्टिकची आणि स्लीव्ह पीव्हीसीची असेल तर पुनर्वापरात दोघी पाण्यात तळाशीच जातात, वेगळ्या होत नाहीत, आणि वितळवताना पीव्हीसीतून निघणारं आम्ल सगळा घाणा खराब करतं. पीईटीजी वाळवतानाच मऊ पडून गोळे करते. पाण्यावर तरंगणाऱ्या पॉलिओलिफिन प्लॅस्टिकच्या स्लीव्ह त्यापेक्षा बऱ्या. नखशिखान्त स्लीव्ह घालायची गरज सुरक्षेला कधीच नव्हती, ती जाहिरातीला होती; सुरक्षेला गळ्यापुरता पट्टा पुरतो. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेली राहणं बंधनकारक झालं. तिथल्या झाकण बनवणाऱ्यांपुढे नवं कोडं आलं: ब्रिज तुटल्याचं स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि झाकण सुटताही कामा नये. सगळेच ब्रिज तुटणार नसतील तर तुटलेले आणि मुद्दाम ठेवलेले यांतला फरक ग्राहकाला एका नजरेत कळेल अशी रचना लागते. काही आराखडे सुंदर आहेत. काही हातात धरून समजायला मलाच दोन मिनिटं लागली.

सध्या माझ्या टेबलावर एका द्रावणाच्या बाटलीचं नवं लेबल आहे. गळ्याला नक्षीदार छापील पट्टा, आडवी ओळ बरोबर सांध्यावर, चोरांच्या खेळात पास. पट्ट्याचा उल्लेख करणारं वाक्य मी बाटलीच्या लेबलवर मागितलं. डिझाइनवाल्यांचं म्हणणं, समोर जागा नाही, मागे घ्या. मागे बारकोडखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, कंपनीच्या पत्त्याला खेटून त्यांनी ते बसवलं. मी ते परत पाठवलं: वाक्य समोर, झाकणाच्या लगेच खाली, आणि शेजारी पट्ट्याचं छोटं चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. त्यावर उत्तर आलं की चित्रामुळे बोधचिन्ह चार मिलिमीटर खाली सरकतं आणि ब्रँड टीमची परवानगी लागेल. ब्रँड टीमची बैठक गुरुवारी आहे. मी पट्टा काढलेली एक बाटली आणि पट्टा असलेली एक, अशा दोन्ही घेऊन जाणार आहे, आणि आत शिरताच विचारणार आहे की यांतली कुठली घ्याल.